येथे हवा सांगून मिळेल

पंक्चर काढणाऱ्या माणसाला अख्खी गल्ली 'हवालदार' का म्हणते, हे नवख्याला समजावून सांगावं लागे. पोलीस खात्याशी त्याचा संबंध एवढाच, की एकदा त्यांच्या जीपचं चाक त्याने दुरुस्त करून दिलं होतं. पन्नाशीला टेकलेला सडपातळ गडी, बोटांना कायम रबराचा वास, आणि स्वभाव असा मऊ की गिऱ्हाईक त्याच्यावर ओरडलं तर हा त्यालाच बसायला टायर पुढे करायचा. पण दुकानाच्या दारावर पत्र्याची पाटी होती, 'येथे हवा भरून मिळेल', आणि पाटीखाली एक काळा फळा होता. त्या फळ्यावर तो रोज दुकान उघडल्या उघडल्या खडूने हवा लिहायचा. वारा कुठून, ढग कसे, आज काय आणि उद्याचा अंदाज काय. म्हणजे हवा भरणाराही तोच आणि हवा सांगणाराही तोच, मग हवालदार नाही तर काय म्हणायचं? पुढे कुणा टवाळाने पाटीवरचं 'भरून' खरवडून तिथे 'सांगून' लिहिलं. दुसरा कुणी असता तर भांडायला उठला असता. याने रंगाचा डबा आणून ती अक्षरं आणखी ठळक केली.

संध्याकाळी त्या फळ्यापुढे मंडळी जमत. भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर, समोरची बेकरीवाली आक्का, आणि आत-बाहेर करत सगळ्यांची टिंगल करणारी हवालदाराची थोरली बहीण. तिला सगळेच ताई म्हणत. विषय एकच, हवा. लोक पत्ते कुटतात, ही मंडळी ढग कुटायची. मास्तरांचा सगळा भर समुद्रावर. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, पण कुठल्या महासागराचं पाणी किती तापलंय हे ते अशा थाटात सांगत की जणू आत्ताच कोपर बुडवून आले आहेत. आक्काचा विश्वास पावाच्या पिठावर. पीठ भराभर फुगलं तर उकाडा, रेंगाळलं तर गारवा. आणि हवालदाराचा विश्वास स्वतःच्या डाव्या गालावर.

हा गाल दुष्काळाने घडवला होता. पंक्चर शोधायचं म्हणजे ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे आले की भोक सापडलं. पण दोन वर्षं पावसाने पाठ फिरवलेली. टँकर आला की गल्ली हंडे घेऊन धावायची, तलावाच्या तळाशी पोरं चेंडू खेळायची, आणि अशात ट्यूब बुचकळायला घमेलंभर पाणी ठेवणं हवालदाराच्या जिवावर येई. मग तो डोळे मिटून ट्यूब गालापाशी हळूहळू फिरवायचा. भोक सुईच्या टोकाएवढं असलं तरी गालाला झुळूक लागायची. होता होता त्या गालाला वाऱ्याची इतकी समज आली, की चहाला बशीत फुंकर कुणी घातली हेसुद्धा तो पाठमोरा बसून सांगे. ताई म्हणायची, "याच्या गालाला सगळं कळतं. फक्त याला काही कळत नाही."

तर त्या वर्षी हिवाळा तोंडावर आला आणि मास्तर येत्या मोसमाचा अंदाज घेऊन आले. टायरवर बसले, घसा साफ केला.

"हिवाळा उबदार," ते म्हणाले. "सरासरीपेक्षा उबदार. समुद्र तापलाय, त्याला इलाज नाही."

"झालं!" आक्का म्हणाली. "दुष्काळात तेरावा महिना. माझं पीठही परातीबाहेर पळतंय."

हवालदार मात्र असा उसळला की हातातला पंपच खाली पडला. "सगळा हिवाळा थोडाच उबदार असेल, मास्तर? मधे एखादा आठवडा तरी?"

"अंदाज सरासरीचा असतो."

"चार दिवस तरी? बरं, एक सकाळ. नुसती हुडहुडी भरेल एवढी?"

"हुडहुडीचा अंदाज अजून कुणी काढलेला नाही, हवालदार."

"पण कोरड्या हवेत ढगांचं पांघरूण नसतं, मग रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि पहाट गार पडते, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं," मास्तर नाइलाजाने म्हणाले. "पण शक्यता कमी."

"कमी म्हणजे आहे!" हवालदार म्हणाला आणि इतका खूश झाला की समोरच्या गिऱ्हाइकाच्या चाकात दोनदा हवा भरून बसला.

आक्काने ताईकडे पाहिलं, ताईने आक्काकडे पाहिलं, आणि मग दोघींनी मान वर करून समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून विणकामाच्या मशीनचा आवाज येत होता. खर्रर्र-खट्, खर्रर्र-खट्.

तिथे स्वेटरवाल्या बाई राहत. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झालेली, मागेपुढे कुणी नाही, एक बहीण होती ती लांब डोंगरावरच्या गावात. बाई इथे राहायला आल्या त्याच आठवड्यात गच्चीवर वाळत घातलेला त्यांचा पोपटी स्वेटर नाहीसा झाला. बाई तडक खाली उतरल्या आणि इथे पोलीस कुठे भेटतील म्हणून विचारू लागल्या. कुणीतरी अगदी सरळ मनाने सांगितलं, हवालदार ना, ते काय कोपऱ्यावर. बाई जाऊन उभ्या राहिल्या.

"हवालदार, माझ्याकडे चोरी झालीय."

हवालदाराने ट्यूब खाली ठेवली. चोरी झालेली बाई आपल्याकडे का आली, असा प्रश्न त्याला पडला नाही. त्याला फार कमी प्रश्न पडत. "कुठून गेलं?"

"गच्चीवरून. स्वेटर."

"केव्हा?"

"दुपारी."

"दुपारी," हवालदार विचारात पडला. "दुपारी वारा कुठून होता बरं?"

पोलिसांची ही काहीतरी नवी पद्धत असेल असं बाईंना वाटलं. हवालदार गच्चीवर गेला, डोळे मिटून गाल इकडून तिकडे फिरवला आणि चालू लागला. मागच्या गल्लीतल्या सलूनवाल्याच्या पाण्याच्या टाकीवर स्वेटर सापडला, दोन्ही बाह्या पसरून पडलेला.

"चोर सापडला का?" बाईंनी विचारलं.

"सापडला, पण धरता येत नाही. वारा होता."

"तुम्ही नेहमी असे साध्या वेशात असता?"

"म्हणजे?" हवालदार म्हणाला. तेवढ्यात बेकरीच्या दारात आक्का हसता हसता खाली बसली आणि सगळा उलगडा झाला. बाई लाजल्या नाहीत. त्या पोट धरून हसल्या, आणि त्यानंतरही चेहऱ्यावरची रेघ हलू न देता त्याला हवालदारच म्हणत राहिल्या. इकडे जन्मभर दुसऱ्यांची पंक्चरं काढणारा गडी त्या दिवशी स्वतःच पंक्चर झाला. पण बोलेल तर शपथ! ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. रोज सकाळी तो फळा जरा तिरका करायचा, खिडकीतून वाचता यावा म्हणून, आणि तेवढ्यावर दिवस काढायचा.

त्याच फळ्यावर आता बाईंचं राहणं अवलंबून होतं. लागोपाठ दोन हिवाळे थंडी अशी पडलीच नव्हती. पंख्याखाली झोपणारी माणसं स्वेटर कशाला घेतील? बाईंच्या कपाटात विणलेल्या स्वेटरांची चळत चढत गेली. बहीण डोंगरावरून सारखी फोन करायची, इकडे ये, इथे बारा महिने गारठा असतो, हातोहात खपतील. शेवटी बाईंनी आक्काला सांगितलं, आणि आक्काने गल्लीला सांगितलं, की याही हिवाळ्यात थंडी पडली नाही तर बाई मशीन उचलून बहिणीकडे जाणार. तेव्हापासून हवालदाराला थंडीचा असा ध्यास लागला की उन्हात उभा राहून तो आभाळाला विनवण्या करी.

आणि मग खिडकीचा तो प्रकार घडला. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, हे गल्लीला अजून ठरवता आलेलं नाही.

दुपारची वेळ. आक्का बाईंकडे स्वेटरचं माप द्यायला गेली होती. डोंगरावरून बहिणीचा फोन आला. बाईंच्या खोलीत फोनला आवाज फक्त खिडकीत उभं राहिलं तरच येई, त्यामुळे बाई खिडकीत. खाली हवालदार डोळे मिटून गालाशी ट्यूब फिरवत बसलेला. बहीण विचारत होती, इतके दिवस तुझ्या तोंडी हवालदार हवालदार चाललंय, तर एकदाचं सांगून टाक, तो माणूस तुला हवा आहे की नको?

"हवा," बाई म्हणाल्या.

बहिणीला ऐकू गेलं नाही.

"हवा!" बाई जरा मोठ्याने म्हणाल्या. "ऐकू येतंय का? हवा! अगं, हवा! किती वेळा सांगू, हवा!"

खाली हवालदाराने डोळे उघडले. वर पाहिलं तर साक्षात बाई खिडकीत उभ्या राहून हवा विचारताहेत! त्याचा चेहरा उजळला. ट्यूब टाकून तो रस्त्याच्या मधोमध आला, गाल वाऱ्याला दिला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडला, "कोरडी आहे! वारा नैर्ऋत्येचा, मंद! ढग नाहीत! काही काळजी करू नका!"

फोनमधून बहीण म्हणाली, "कोण गं ते?" बाई म्हणाल्या, "तोच." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

आत आक्का उशीत तोंड खुपसून गदागदा हलत होती. बाईंनी तिला दटावून शपथ घातली. "त्यांना कुणी काही सांगायचं नाही. मी एकदा सांगितलंय, तेही अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं. कळायचं तर त्यांचं त्यांना कळू दे. थंडीची वाट बघतेय तोवर थांबते, त्यापुढे नाही." बोलताना हसत होत्या, पण डोळे भरले होते, हे आक्काने पाहिलं.

आक्का शपथेची पक्की. तिने हवालदाराला अवाक्षर सांगितलं नाही. बाकी सगळ्यांना सांगितलं.

त्या दिवसापासून गल्लीला नवाच चाळा लागला. ज्याच्या सायकलला काही झालेलं नाही तोही दुकानाशी थांबे आणि गंभीरपणे विचारी, "काय हवालदार, हवा काय म्हणते?" हवालदार मन लावून उत्तर देई. वारा सांगे, धूळ सांगे. माणूस पुढे कोपऱ्यावर जाऊन भिंतीला टेकून हसे. संध्याकाळी मंडळी जमली तेव्हा हवालदार स्वतःच अभिमानाने म्हणाला, "बाईंना हवेत रस आहे बरं का. परवा एवढं कळवळून विचारत होत्या!" मास्तरांना ठसका लागला. ताईने कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा काखेतून ओरडत होता.

"अरे, कसली हवा विचारत होत्या, जरा डोकं चालव की!" ताई आक्काची शपथ मोडायच्या बेतात आली.

"वरच्या थरातली असेल," हवालदार म्हणाला.

ताई आत निघून गेली. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं, तेही दुष्काळात!

हिवाळा निम्म्यावर आला. दुपारी डांबर मऊ व्हायचं. एक दिवस आक्का बातमी घेऊन आली, रविवारी टेंपो ठरलाय. मशीन, लोकर, कपाट आणि बाई, सगळं डोंगरावर. हवालदार हातातली ट्यूब घासत राहिला, ज्या जागी भोकच नव्हतं तिथे. त्या रात्री तो जेवला नाही, आणि ताई त्याला पहिल्यांदाच काही टोचून बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खडू घेतला. गालाला न विचारता, आभाळाकडे न बघता, त्याने फळ्यावर लिहिलं: 'थंडीची लाट येत आहे. सर्वांनी स्वेटर घ्यावेत.' आयुष्यातलं त्याचं पहिलं खोटं. अक्षर इतकं थरथरलं की वाचणाऱ्याला थंडी आलीच आहे असं वाटावं.

मास्तर फिरायला निघाले होते. फळा वाचून ते जागच्या जागी थांबले. "हे काय, हवालदार? कशाच्या आधारावर? समुद्र उकळतोय आणि तुम्ही..." तेवढ्यात आक्का पीठभरल्या हातानेच धावत आली, मास्तरांना बाजूला ओढून कानात काहीतरी पुटपुटली. मास्तरांचा चेहरा आधी लाल झाला, मग भलताच कोवळा झाला. आयुष्यभर खरा भूगोल शिकवलेला तो माणूस खोकला आणि मोठ्याने म्हणाला, "हां, तसं बघितलं तर... उत्तरेकडून काहीतरी आहे खरं." आणि तरातरा घरी जाऊन मफलर गुंडाळून परत आला.

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. आक्काने भट्टीपुढे उभं राहून लांब बाह्यांचा स्वेटर चढवला. सलूनवाल्याने दोन घेतले, एकावर एक, आणि दाढी करता करता गिऱ्हाइकाच्या अंगावर घाम टिपकू नये म्हणून तिसरा टॉवेल गळ्यात टाकला. दवाखान्यातून, शाळेतून, टँकरच्या रांगेतून माणसं येऊ लागली आणि बाईंचा जिना चढू लागली. बाईंचं कपाट भराभर रिकामं व्हायला लागलं. भर दुपारी हंडे घेतलेली स्वेटरांची रांग टँकरपुढे उभी होती, आणि टँकरवाला वर बसून तोंड उघडं टाकून बघत होता. जो तो दुकानावरून जाताना हात चोळत म्हणे, "काय गारठा पडलाय हो हवालदार!"

ठरवलेलं काहीच नव्हतं. गल्लीला एवढंच वाटत होतं, की कपाट रिकामं झालं तर टेंपो रिकामा जाईल.

हवालदार मात्र हबकला. भिंतीवरचं थर्मामीटर उकाडा सांगत होतं. गाल उकाडा सांगत होता. आणि माणसं थडथड उडत होती. आधी त्याला वाटलं, गाल बिघडला. मग त्याने थर्मामीटर काढून झटकून पाहिलं. मग त्याने मास्तरांकडे नीट पाहिलं. मास्तर दातांवर दात वाजवत होते आणि मफलरखालून घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती. हवालदाराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि नेहमीप्रमाणे भलत्याच ठिकाणी पडला. अरे देवा, तो मनात म्हणाला, ही माणसं माझ्यावर इतका विश्वास ठेवतात! मी थंडी लिहिली म्हणून बिचाऱ्यांना खरोखरच थंडी वाजतेय! माझ्या खोट्यापायी मास्तरांना काही झालं तर?

संध्याकाळ झाली तेव्हा त्याला राहवलं नाही. त्याने हात धुतले, पुन्हा धुतले, दुष्काळ असूनही. आणि त्या स्वेटरच्या चोरीनंतर पहिल्यांदाच तो समोरचा जिना चढला. खाली स्वेटर घातलेली सगळी गल्ली माना वर करून उभी राहिली.

दार उघडंच होतं. मशीनला अर्धं गोणपाट गुंडाळलेलं, बाजूला लोकरीचे गुंडे पोत्यात भरायचे राहिलेले. बाईंनी मान वर केली.

"या हवालदार. चोरी झालीय का कुठे?"

"झालीय," तो म्हणाला. "मीच केलीय."

बाईंनी हातातली सुतळी खाली ठेवली.

"ती फळ्यावरची थंडी खोटी आहे, बाई. मी मनानेच लिहिली. लोक बिचारे माझ्या शब्दावर कुडकुडताहेत. मास्तरांचे दात वाजताहेत. तुम्ही सगळ्यांचे स्वेटर परत घ्या, मी उद्या फळ्यावर माफी लिहितो."

बाईंनी ओठ घट्ट मिटले होते, पण खांदे हलत होते. "पण लिहिलीत का?"

"थंडी हवी होती."

"कशाला हवी होती?"

"थंडी पडली असती तर स्वेटर खपले असते. मग मशीन इथेच राहिलं असतं."

"मशीन हवंय तुम्हाला?"

"मशीन नको. म्हणजे मशीनही असू दे. पण बाई, मला तुम्ही हव्या..."

आणि तो थांबला. शब्द तोंडातच अडकला. हव्या. हवी, हवं, हवे, हव्या. आणि हवा. इतकी वर्षं ज्या शब्दावर पोट भरलं, ज्या शब्दावरून नाव पडलं, तो शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा नीट ऐकला. त्याच्या डोळ्यांपुढे खिडकी आली, खिडकीतल्या बाई आल्या, कानाला लावलेला फोन आला. 'अगं, हवा! किती वेळा सांगू, हवा!' 'अगं'! आपल्याला 'अगं' कोण कशाला म्हणेल?

तो लोकरीच्या पोत्यावर मटकन बसला.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "तुम्ही मला हवा विचारत नव्हतात."

"नव्हते."

"आणि मी तुम्हाला वारा सांगितला."

"नैर्ऋत्येचा," बाई म्हणाल्या. "मंद. ढग नाहीत. काही काळजी करू नका."

"सगळं लक्षात ठेवलंत?"

"बाईमाणसाने एवढं ओरडून मनातलं सांगावं, आणि त्यावर असं उत्तर यावं! विसरेन कशी?"

हवालदार हसायला लागला. हसता हसता त्याला रडू आलं आणि रडता रडता उचकी लागली. बाई जवळ आल्या आणि त्यांनी त्याच्या डाव्या गालावर हात ठेवला. सुईच्या भोकातली झुळूक ओळखणारा तो गाल. त्याला त्यापुढे दुसरं काही म्हणता काही कळेना.

खाली गल्लीचा धीर सुटला होता. घामाने निथळत आक्का ओरडली, "ओ हवालदार! हवा काय म्हणते?"

हवालदार खिडकीत आला. केस विस्कटलेले, नाक लाल, कोपराला लोकर चिकटलेली. त्याने खाली जमलेल्या त्या सगळ्या वेड्यांकडे पाहिलं आणि जोरात ओरडला, "हवा म्हणते! ऐकलंत का? हवा म्हणते!"

मग काय विचारता! मफलर उडाले, स्वेटर उडाले, सलूनवाला एकदम दोन कपड्यांनी हलका झाला. मास्तर आक्काला टाळी द्यायला गेले आणि टायरवरून पडले. ताई रस्त्यात उभी राहून पदराने डोळे पुसत शिव्या देत होती, गाढवा, इतके दिवस लागले होय रे, आणि पुन्हा डोळे पुसत होती. बाईंनी वरून बहिणीला फोन लावला, पण या वेळी काहीच ऐकू जाईना, कारण खालचा गोंगाट डोंगरापर्यंत पोचत होता.

त्या संध्याकाळी हवालदार वर गेला तो जेवणाची वेळ टळली तरी खाली उतरला नाही. ताईने ताट वर पाठवलं. मग आणखी एक पाठवलं.

रविवारी सकाळी मास्तरांना जाग आली ती दात वाजल्यामुळे. या वेळी खरोखर वाजत होते. रात्री आभाळ निरभ्र राहिलं होतं, कोरड्या जमिनीने आपली सगळी ऊब सोडून दिली होती, आणि दोन वर्षं जिची वाट पाहिली ती थंडी मुकाट्याने येऊन गल्लीत उभी होती. मास्तर थर्मामीटर घेऊन धावत सुटले. आक्काचं पीठ परातीत ढिम्म बसलं होतं. काल भिरकावलेले स्वेटर कुणाचे कुठे पडलेत ते शोधायला माणसं रस्त्यावर वाकली होती. टेंपोवाला आला तो बोटांत फुंकर मारत, आणि भाडं राहू दे, आधी एक स्वेटर द्या म्हणाला.

फक्त हवालदाराचं दुकान बंद होतं. फळा कोरा. ज्या माणसाने एका सकाळच्या हुडहुडीसाठी आभाळाचे पाय धरले होते, तो त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा उशिरापर्यंत झोपला होता.

ऊन चढू लागलं तेव्हा तो आला. अंगात पातळ सदरा, चेहऱ्यावर खुळं हसू.

"अहो, थंडी!" मास्तर किंचाळले. "थंडी पडलीय! खरीखुरी! तुमचं तुम्हाला कळलं नाही?"

हवालदाराने डावा गाल वाऱ्याकडे केला. मग म्हणाला, "असेल."

"असेल? अहो, मी मोसमी अंदाजाच्या विरोधात जाऊन सांगतोय, असेल काय? फळ्यावर लिहा काहीतरी! लोक वाट बघताहेत."

हवालदाराने खडू घेतला. समोरची खिडकी उघडी होती आणि मशीन सुरू झालं होतं, खर्रर्र-खट्, खर्रर्र-खट्. त्याने फळा नेहमीसारखा जरा तिरका केला आणि सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं:

'आजची हवा: हवी तशी.'